वाळूचे फोटो

अंबडला तहसीलसमोर तिचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तक्रारींचे अर्ज टाइप करून घ्यायला मी वरचेवर जायचो, पण नाव कधी विचारलं नाही. बोलताना ती पडद्याकडंच बघायची आणि कॉम्प्युटर अडला की त्याला 'चल रे राजा' म्हणायची.

शहागडला गोदावरीतून चोरून वाळू उपसणाऱ्यांचे मी फोटो काढले, तर त्यांनी कॅमेरा हिसकावून आपटला. त्यातलं कार्ड उघडेना म्हणून तिच्याकडं दिलं. दोन दिवस ती त्याच्याशी झगडली.

तिसऱ्या दिवशी मी तिथं बसलेलो असताना वाळूवाल्यांचा माणूस आला.

"ताई, कार्ड बिलकुल गेलं म्हणून सांगा. दुकान चालवायचंय ना?"

तिनं मान वर करून सरळ त्याच्याकडं पाहिलं. "न्हाई गेलं. अठरा फोटो निघाले." एकाची प्रिंट काढून तिनं त्याच्याच हातात दिली. "बघा, तुमच्या ट्रकचा नंबर बराबर दिसून राह्यला."

त्याच रात्री दुकानाची काच फुटली. सकाळी गेलो तर काचेच्या जागी पुठ्ठा होता आणि त्यावर अठराही फोटो चिकटवलेले.

"उन्हानं रंग उडंल," मी म्हणालो.

"उडू द्या सर. मंग नवे लावीन."