फट ठेवलेली कवळी

माझा मामा कवळ्या करायचा. दवाखान्यामागची त्याची खोली म्हणजे मेणाचा वास, प्लॅस्टरची धूळ आणि फळीवर मांडलेले जबडे. आम्ही भाचरं दचकायचो, तर म्हणायचा, "अरे, हे चावत नाहीत. चावणारे बाहेर मोकळे फिरतायत."

एकदा पलीकडच्या वस्तीतली शिवणकाम करणारी आजी आली. समोरच्या दोन दातांत फट ठेवा म्हणाली.

"दात नवे आणि खोड जुनी?" मामाने विचारलं.

"माझा नवरा त्या फटीवरच भाळला होता. वर गेल्यावर त्याने मला ओळखायला नको?"

मामा पोट धरून हसला, पण फट ठेवली. कवळी घरी पोचवायला त्याने आपल्या मुलाला, आमच्या दादाला, पाठवलं. आजीने दादाच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं.

मग युद्ध आलं. पलीकडची वस्ती 'त्यांची' ठरली आणि एका दिवसात रिकामी झाली. माणसं कुठे गेली, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. दादा सैन्यातून धडधाकट परतला आणि मामाला आकाश ठेंगणं झालं. कोणी त्या वस्तीचा विषय काढलाच तर म्हणायचा, "युद्धात कोण धुतल्या तांदळासारखं असतं? त्यांनीही केलं, आपणही केलं. आपण कोण न्याय करणारे?"

बऱ्याच वर्षांनी वीटभट्टीमागे माणसं पुरलेला खड्डा सापडला. चौकशी करणाऱ्या बाईंनी मामासमोर एक कवळी ठेवली. त्याने फटीवरून अंगठा फिरवला. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाला.

जेवताना त्याने ते घरात सांगितलं. दादा ताटाकडे बघत बोलून गेला, "मी तिला पळ म्हणालो होतो. तिने ऐकलं नाही."

मामीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मग?" मामाने विचारलं.

"मग काय? हुकूम होता. काळच तसा होता, बाबा. तुम्हीच म्हणता ना, आपण कोण न्याय करणारे?"

मी तिथेच बसले होते. आपलेच शब्द असे घशात आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मामी रात्रभर विनवत होती. "ती गेली ती गेली. आपला एकुलता एक आहे हो!"

"मला याचीच धास्ती होती," मामा म्हणाला. "म्हणून तसं बोलायचो मी. दुसरं काही नाही."

सकाळी त्याने बाईंना कवळी कोणाची ते सांगितलं. मग त्या दिवशी तिथे कोण होतं, तेही सांगितलं.

दादाला शिक्षा झाली. मामीने मामाशी बोलणं टाकलं. बरोबर केलंस, असं मलाही त्याला कधी म्हणता आलं नाही; दादा माझाही भाऊच. मामा मात्र एकही भेट चुकवत नाही. जाताना दादाच्या आवडीचं काहीतरी नेतो आणि दर वेळी एकच विचारतो, "शेवटी ती काय म्हणाली रे?" दादा मान फिरवायचा.

मागच्या भेटीत तो बोलला.

"बंदुकीकडे तिने बघितलंच नाही, बाबा. मला ओळखलं आणि हसली. म्हणाली, कवळीवाल्याचा मुलगा ना तू? मग मी कशाला पळू?"