काशीबाईचं नरसाळं

मी एक गंमत सांगितली आणि गंगाराम तांडेलाची अर्धी पेज माझ्या सदऱ्यावर आली.

त्याच्या पोटाला डॉक्टरांनी भोक पाडून रबराची नळी बसवली होती. नळीला नरसाळं लावायचं, ते उंच धरायचं आणि गाळलेली पेज हळूहळू ओतायची, हे त्याचं जेवण. चुलीवरचं दूध उतू जायला लागलं म्हणून त्याच्या बायकोने, काशीबाईने, नरसाळं माझ्या हाती दिलं. आता ते धरून गप्प उभं राहायचं की नाही? मी शाळेत आलेल्या इन्स्पेक्टरची फजिती सांगायला लागलो. गंगाराम पोट धरून हसला आणि पेज गेली तशी परत आली.

काशीबाईने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्या सदऱ्याकडे.

"मास्तरानू, बोलूचो पगार तुमका शाळेत गावता. हंय नाय."

नळीची कथा अशी. गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि आपल्याकडे दारूबंदी होती. आमच्या सर्जेकोट गावात जी काही बाटली यायची ती हद्दीपलीकडून, आणि घरात तिची जागा अंधारात. त्याच अंधारात काशीबाईने साबणासाठी आणलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणीही ठेवलं होतं. गंगारामाचा हात चुकला. गळा आतून भाजला, आखडला, घोटभर पाणी उतरेना. मिरजेच्या डॉक्टरांनी नळी बसवली आणि बजावलं, "वजन वाढवून आणा. अंगात ताकद आली की दुसरं ऑपरेशन करू, मग तोंडाने जेवेल. असाच सुकलेला आणलात तर हात लावणार नाही."

काशीबाई म्हणजे मुठीएवढी बाई. मालवणच्या बाजारात ती सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पाटी घेऊन बसली की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी दोनदा विचार करायचं. तिने हे वजन म्हणजे दर्यातून जाळं ओढायचं काम समजून हाती घेतलं. उकड्या तांदळाची पेज, तिच्यात दूध, कच्चं अंडं, गूळ, नारळाचा घट्ट रस. सगळं जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलेलं. वर माशाची आमटी, तीही तिरफळं घालून. मी म्हटलं, "काशीबाय, नळीला कुठे जीभ आहे? तिरफळं कशाला?"

"तेंका आसा ना जीभ!" म्हणून तिने आमटीचं बोट नवऱ्याच्या जिभेवर टेकवलं. त्याने डोळे मिटून चव तोंडात घोळवली आणि वाटीत थुंकला. मग पेज.

एवढं करून वजन वाढेना. दाऊदशेटच्या वखारीत खोबऱ्याच्या काट्यावर गंगारामाला बसवायचे. दाऊदशेट वजनं चढवायचा, उतरवायचा आणि कपाळाला हात लावायचा. "तांडेल, माजा खोबरा पण सुकताना इतक्या घटत नाय रे!"

अन्न जातं कुठे? कोणी म्हणालं जंत, कोणी म्हणालं नजर. नळी आत भलतीकडेच वळली असेल, असं मला वाटे. काशीबाईने विहिरीचं पाणी बदलून पाहिलं. मी बदकाची अंडी सुचवली. वजन म्हणावं तर जागच्या जागी, नाहीतर आणखी खाली.

तीच अंडी घेऊन एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गेलो, तर नरसाळं खिळ्याला कोरडं टांगलेलं.

"जेवण झालं?"

"आज सोमवार," गंगाराम म्हणाला.

"मग?"

"निरंकार."

बऱ्याच वर्षांपूर्वी वादळात होडी उलटता उलटता त्याने रामेश्वराला सोमवार बोलले होते. दिवसभर पाणीसुद्धा नाही. बरं, सोमवार समजला. पण विचारता विचारता गुरुवार निघाला, मग एकादशी, मग संकष्टी.

"हे सगळे वादळातले?"

"नाय ओ. ह्ये आताचे. वजन वाढना नाय म्हणान धरलंय."

मी ओसरीवर बसलोच. वजन वाढावं म्हणून उपास, उपासाने वजन घटतं, आणि घटलं की नवा उपास! काशीबाईला विचारलं तर म्हणाली, "देवाचा काम, मी मदी कशी पडू?"

मग मी युक्तिवाद केला. उपास तोंडाचा असतो. नळीतली पेज तोंडाला लागत नाही. म्हणजे ते खाणं नव्हे, उपास मोडत नाही.

गंगारामाने जरा विचार केला. "म्हणजे सोमवारी नळयेतसून सुंगटांची आमटी चलात?"

"छे छे, ते कसं चालेल!"

"मगे पेज कशी चलता?"

मी बदकाची अंडी काशीबाईच्या हाती दिली आणि उठलो.

पुढच्या वेळी वखारीत हा घोळ मी दाऊदशेटपुढे मांडला. तो सहज म्हणाला, "आमच्यात आजाऱ्याक रोजो नाय. बरो झालो की मागसून फेडूचो."

"आणि बरो झालंयच नाय तर?" काट्याच्या पारड्यात बसून गंगाराम म्हणाला. "देवाचा देणा डोक्यार घेवन जावचा?"

काट्याशेजारी उभ्या काशीबाईने पदर खोचला.

"ऐकलात? तुमचे उपास आजपासून माज्याकडे. पेज तुमच्याकडे."

देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान गावच्या मानकऱ्यांचा, पण तिने कोणाला विचारलं नाही. देवळात नारळ ठेवून तिने स्वतःच सुरू केलं, "बा रामेश्वरा म्हाराजा, घोवान बोललेले उपास आता बायल धरता. तेच्या नळयेतला अन्न तेच्या अंगाक लागांदे!" आणि मागून साथीला 'व्हय म्हाराजा' म्हणायला हाताशी मीच होतो. म्हटलं.

पेज रोज जायला लागली आणि दाऊदशेट वजनं चढवायला लागला. गंगारामाच्या गालांचे खड्डे भरले. इकडे काशीबाईच्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत घसरू लागल्या. स्वतःचे उपास होतेच, त्यात नवऱ्याचे, आणि त्यावर डोक्यावर पाटी.

मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. ती नरसाळं उंच धरून उभी होती, पाठ खांबाला टेकलेली. मी धरतो म्हटलं, तर नुसतं माझ्या सदऱ्याकडे बघितलं. गंगाराम पोटभर जेवला आणि भिंतीला टेकून पेंगायला लागला. मला मात्र कळेना, की उपास नक्की कोणाचा झाला, पुण्य कोणाला लागलं, आणि मिरजेत डॉक्टरने काट्यावर बसवायचं ते कोणाला?

शेवटी न राहवून विचारलं, "काशीबाय, खरं सांग, एकाचा उपास दुसऱ्याने धरलेला देवाला चालतो?"

"चलना नसात तर तेणां येवन नळी धरूची."