नोएलीन ट्रेगियर आणि न थांबणारं जहाज

नोएलीन ट्रेगियरने ब्रॉडरीफ पार्कमध्ये राइड चालवणाऱ्या पोरीच्या थोबाडीत मारली आणि रक्षकांनी तिला उचलून बाहेर नेलं, अशी बातमी आमच्या नेरँग गावभर झाली होती. बेकरीत मी ती ऐकली तेव्हा थोबाडीत एकच होती. केस कापायच्या दुकानापर्यंत दोन झाल्या. शाळेच्या मैदानात सॉसेज भाजणाऱ्या बापमंडळींकडे बातमी पोचली तेव्हा नोएलीनने म्हणे चावा घेतला होता. "मनगटाला!" एक जण चिमट्यात सॉसेज वर धरून सांगत होता, जणू तेच ते मनगट. "दात उमटलेत, दात! आता जन्मभराची बंदी."

यातलं काहीही खरं नाही. मी तिथे होते, तिच्या मागच्याच बाकावर, पोटावर राइडचा लोखंडी दांडा घेऊन. नोएलीनने कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. उलट ती पोरगी, टालिया तिचं नाव, शेवटी नोएलीनच्याच गळ्यात पडली. आणि बंदीचं म्हणाल, तर गेल्या शनिवारी नोएलीन तिथेच चिप्स खात बसली होती, आणि कचऱ्याच्या डब्यातून चोच वर काढणाऱ्या पक्ष्याला दटावत होती, "लाज आहे का? आत्ताच तर खाल्लंस."

नोएलीन आमच्या शाळेची बस चालवते. साठी उलटली आहे, केस भाजलेल्या कांद्याच्या रंगाचे, बसमध्ये बूट आणि बसबाहेर रबरी चपला. नेरँगमधल्या बहुतेकांचा आवाज मला काढता येतो. मुख्याध्यापकांचा तर मी झोपेतही काढते, कारण तो सगळा नाकातूनच येतो. नोएलीनचा मात्र जमता जमत नव्हता. ती ओरडतच नाही. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा ती आवाज सावकाश वर आणते आणि शेवटचा शब्द अलगद काठावर ठेवते.

बस सुटायच्या आधी ती सगळ्यात पहिली चढते, बसते, पट्टा लावते, आरशात बघते आणि बादली वर येते: "कोण राहिलं?"

मग आम्ही आजूबाजूला बघायचं. कोणी जागेवर नसेल तर कुणीतरी ओरडायचं, "एक राहिला!" त्यावर सगळ्या बसने एका सुरात म्हणायचं, "थांबू!" आणि बस थांबते. एक बूट पायात, एक हातात, तोंडात टोस्ट अशा अवस्थेत एखादा धावत येतो, चढतो, टाळ्या पडतात. अर्थात शाळेला रोज उशीर. "मिसेस ट्रेगियर, वेळ! वेळ!" मुख्याध्यापकांचं नाक वाजतं.

"आणते ना वेळेवर," नोएलीन म्हणते. "रिकामी चालेल का?"

हे सगळं तिने उचललंय 'वादळपाखरू'मधून. त्या चित्रपटांचे सहा भाग आमच्याकडेच, ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टलाच झाले, त्यामुळे इथे दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी पडद्यावर मेलेलं असतं. माझी आई चौथ्या भागात पुरात वाहून गेली आणि जेवायला घरी आली. 'वादळपाखरू' हे एक म्हातारं, कुरकुरणारं, हिरवं जहाज. सगळी जहाजं वादळातून पळत बाहेर येतात, हे आत जातं आणि अडकलेल्यांना काढतं. निघण्याआधी कॅप्टन ओडा घंटा वाजवते आणि विचारते, "कोण राहिलं?" एक जरी राहिला असेल तरी खलाशी म्हणतात, "थांबू!" मग लाट येवो की डोंगर. थिएटरात या जागेला सगळं प्रेक्षागृह उभं राहून ओरडतं. पॉपकॉर्न सांडतं. दर भागात सांडतं.

दुसऱ्या भागात नोएलीन स्वतः आहे. वाचवलेल्या बायकांत, घोंगडी पांघरून. डोळा मिटलात तर गेली. पण त्या जहाजाशी खरं नातं तिचं नाही, तिच्या भावाचं, क्लॅरीचं. क्लॅरी सुतार. जहाजाचं सुकाणूचं मोठं चाक त्याने केलं, निलगिरीच्या लाकडाचं, हाताने घासून घासून. पण सुतारांचं काम संपलं की त्यांना निरोप. जहाज पाण्यात उतरलं, हललं, वादळात शिरलं, तेव्हा क्लॅरी घरी होता. पुढे त्याचे डोळे गेले. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पहिला भाग त्याने डोळ्यांनी पाहिला, दुसरा अर्धामुर्धा, बाकीचे नोएलीनने कानात सांगितले. आणि प्रत्येक भाग संपला की तो म्हणायचा, "नोल, आपण बांधलेल्या जहाजावर आपणच कधी बसलो नाही, कळलं का?"

म्हणून पार्कवाल्यांनी वादळपाखरूची राइड बांधायला घेतली तेव्हा क्लॅरीने नवा शर्ट घेतला.

राइड सुरू झाली आणि चाहत्यांचा जो काय हिरमोड झाला! मी आठवडाभर नुसती फिरून आवाज गोळा करत होते. जहाज म्हणजे नारिंगी डब्यांची गाडी. रुळांवरून सुसाट वर, सुसाट खाली, बुटाची नाडी बांधेपर्यंत खेळ खलास. कानात ढणढण गाणं. पडद्यावर कॅप्टन ओडा, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा, सर्दी झालेल्या बाईचा. मला तर तो व्यक्तिशः लागला.

चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष ट्रेंट. भर उन्हाळ्यात कॅप्टनचा लोकरी कोट घालतो आणि घामाने भिजून मोठ्या गंभीरपणे बोलतो. फाटकाशी उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "नारिंगी! नारिंगी, महाराजा! हा विश्वासघात आहे. आणि शिडाची दोरी उजवीकडून. उजवीकडून!"

"तू बसलास किती वेळा?" नोएलीनने त्याला विचारलं.

"एकदाच. निषेध म्हणून डोळे मिटून."

नोएलीन पहिल्याच दिवशी बसून आली होती. तिला रंगाचं काही नव्हतं. दोरीचंही नव्हतं. बाकावर टेकून तिने चपलेतला खडा झटकला आणि म्हणाली, "बाकी सगळं चाललं असतं गं. पण हे कुणासाठी थांबतच नाही. नुसतं निघतं."

बातम्या क्लॅरीच्या कानावर गेल्याच. त्याने शर्ट परत कपाटात टांगला. मी त्यांच्याकडे होते तेव्हा, अंगणातल्या खुर्चीत बसला होता, चहा गार झालेला.

"नाही येत मी," तो म्हणाला. "डोक्यात जहाज चांगलं चाललंय. ते बुडवायला कशाला जायचं?"

"भिकार आहेच ते," नोएलीन म्हणाली.

"मग झालं तर."

"झालं काय? भिकार आहे तर भिकार म्हणू. पण बसून म्हणू. घरी बसून शिव्या द्यायला ट्रेंट आहे."

"तुझं ऐकत आलोय जन्मभर, नोल. एकदा नाही ऐकलं तर?"

"तुझं सुकाणू त्यांनी प्लास्टिकचं केलंय," नोएलीन म्हणाली. "हात लावून बघ आणि मग त्यांना काय ते ऐकव. मी नाही ऐकवणार. मी चाक केलं नव्हतं."

क्लॅरीने गार चहा एका घोटात संपवला. शर्ट पुन्हा कपाटातून निघाला.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. इथल्या लोकांकडे पार्कचा वर्षाचा पास असतो, बागेत जावं तसं जातात. वाटेत मी नोएलीनला म्हटलं, "पैज. क्लॅरी एकदा बसेल. दुसऱ्यांदा मेला तरी नाही. स्वतःच्या वाढदिवसाचा केक तो दुसऱ्यांदा घेत नाही."

"आणि हरलीस तर?"

"तू सांग."

"हरलीस तर उद्या रविवारी दिवसभर कुणाचाही आवाज काढायचा नाही, काकाकुवा. फक्त स्वतःचा."

"आणि जिंकले तर?"

"सोमवारी बसमध्ये 'कोण राहिलं' तू म्हणायचं. माझ्या आवाजात."

मी टुणकन उडी मारली. जिंकल्यातच जमा होतं.

रांगेत पुढेमागे ट्रेंटची सगळी फौज होती, कोट घालून, निषेधाला. म्हणजे निषेध करायला दर शनिवारी बसायलाच यायचे. फलाटावर टालिया सगळ्यांना बाकांवर बसवत होती. नवी पोरगी, गोड, घाईत. "चला, चला, पुढचे पुढचे! टोप्या हातात! काठी पलीकडच्या खोक्यात ठेवा काका, इथे नाही!"

आणि इथे नोएलीनने तिच्या जन्मात न केलेली चूक केली. तशी ती चूक नाही, सवय आहे. बसची बाई आधी स्वतः बसते. नोएलीन चढली, बसली, पट्टा लावला. मी मागच्या बाकावर. धाडकन दांडे खाली आले, खटकन लागले. नोएलीनने वर आरसा असतो तिथे बघितलं. आरसा नव्हता. शेजारी हात टाकला. शेजारी कोणी नव्हतं.

क्लॅरी फलाटावर होता. आमच्याकडे पाठ करून, नव्या शर्टात, पांढरी काठी पुढे धरून, घेणाऱ्या हाताची वाट बघत. समोर नुसती भिंत. "घ्या ना," तो भिंतीला म्हणाला. खोक्यावरचा माणूस दुसरीकडे वळला होता. फाटक लागलं. गाणं ढणढणायला लागलं. टालियाचा अंगठा हिरव्या बटणाकडे.

दुसरं कोणी असतं तर किंचाळलं असतं. मी किंचाळलेच, पण त्या राइडवर किंचाळणाऱ्याकडे कोण बघतो? नोएलीनने मात्र ती बादली वर काढली. सावकाश. गाण्याच्या खालून.

"एक राहिला."

माझ्या शेजारी ट्रेंट होता. तो दांड्यावर पुढे झुकला. मग त्या घामट लोकरी कोटातून जो आवाज निघाला तो मी अजून काढू शकलेले नाही: "थांबूऽऽ!"

आणि मग सगळी रांग. फलाटावरची, जिन्यावरची, खाली उन्हात उभी असलेली, आइस्क्रीम हातात असलेली. "थांबू! थांबू!" थिएटरात इतकी वर्षं जे ओरडत आलो ते. खाली कुणाचं तरी आइस्क्रीम पडलं. टालियाने बटणावरचा हात असा मागे घेतला की जणू ते तापलं होतं, आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. गाणं मध्येच तुटलं. नारिंगी गाडी, जी कुणासाठी थांबत नाही, ती जागच्या जागी उभी राहिली.

रुळांखाली कुठेतरी पाणी टपकत होतं.

"कोण राहिलं?" क्लॅरीने भिंतीला विचारलं.

"तू रे, शहाण्या," नोएलीन म्हणाली.

फाटक उघडलं. टालियाने त्याचा कोपर धरला, तिच्याकडून रांगेतल्या पहिल्या कोटवाल्याने, त्याच्याकडून दुसऱ्याने. चित्रपटात बुडणाऱ्याला हातोहात जहाजावर घेतात, अगदी तसं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटचा हात नोएलीनचा. क्लॅरी बसला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "आता चला. लोक खोळंबलेत."

गाडी सुटली. वारा कानात, मी मागे, तरी मला दोघांचं ऐकू येत होतं.

"डावीकडे वादळ येतंय, क्लॅरी. काळंकुट्ट."

"थापा मारू नकोस. डावीकडे चिप्स तळतायत."

"बरं. उजवीकडे लाट."

"हा हिसका लाटेचा नव्हे, ह्यांनी रूळ नीट नाही जोडलेऽऽ आई गंऽऽ!"

परतल्यावर टालिया रडत होती आणि माफी मागत होती आणि नोएलीनच्या गळ्यात होती, सगळं एकदम. "अगं, मीच आधी बसले," नोएलीन तिची पाठ थोपटत म्हणाली. "बसचं खूळ." बातमीतली थोबाडीत ती हीच, फार तर पाठीवर म्हणा.

तेव्हापासून टालिया बटण दाबायच्या आधी मान वर करते आणि विचारते, "कोण राहिलं?" वरून कुणाचा हुकूम नाही, तिचं तिनेच सुरू केलं. आता लोक त्यासाठी रांग लावतात. गाडी नारिंगीच आहे, दोरी उजवीकडूनच आहे. ट्रेंट अजून फाटकाशी उभा असतो, पण हल्ली म्हणतो, "विश्वासघातच आहे, पण बसून बघा."

राहता राहिली पैज. क्लॅरी उतरला तेव्हा त्याचे केस उभे होते. त्याने पहिल्या डब्यावरचं शोभेचं सुकाणू शोधून हात लावला, बोटाच्या टोकाने ठोकलं. टक टक. पोकळ.

"प्लास्टिक," तो म्हणाला. "आरे वाकडे. गाणं म्हणजे कानात खिळा. ती बाई कॅप्टन आहे की सर्दीचं औषध विकतेय? भिकार. एक नंबर भिकार."

मी नोएलीनपुढे हात पसरला. तिच्या आवाजात घसाही खाकरून घेतला.

नोएलीनने हनुवटीने क्लॅरीकडे खूण केली. क्लॅरीने काठी उघडली, जमिनीवर टेकवली, तोंड तिच्याकडे वळवलं.

"नोल, रांग कुठून सुरू होते?"

रविवारी मी दिवसभर स्वतःच्या आवाजात बोलले. संध्याकाळी आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "कुठं दुखतंय का गं?"