मुठीतलं दुसरं नाणं

हे प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. आरोपीवर कमी आणि स्वतःवर जास्त. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावर चालत्या ट्रकची ताडपत्री फाडून माल उतरवणाऱ्या टोळ्या पकडल्या. पण एका नाण्याने मला जितकं छळलं, तितकं कोणत्याही गुन्हेगाराने छळलं नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पांढरकवड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. एके सकाळी हजेरी आटोपून केबिनमध्ये बसतो न बसतो, तोच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोलू लागल्या. एका गावातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला फिट्स येत. गोळ्या सुरू केल्यापासून दोन वर्षं एकही झटका नव्हता. पण गेले तीन महिने तिची आई गोळ्या देत नव्हती. गावातल्या आशा सेविकेने घरी पोचवलेल्या गोळ्या ती सरळ उकिरड्यावर टाकत होती. मागच्या आठवड्यात मुलीला चुलीपुढे झटका आला आणि डावा हात कोपरापर्यंत भाजला.

"पुढचा झटका विहिरीवर आला तर काय करायचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणी महाराज येतो म्हणे गावात. त्याचंच हे काम. तुम्ही काही करणार आहात की नाही?"

जादूटोणा विरोधी कायद्याखाली ठाण्याचा दक्षता अधिकारी मीच. टाळायला जागा नव्हती, आणि टाळायचंही नव्हतं. महिला अंमलदाराला सोबत घेऊन मी दुपारीच गावात गेलो.

घरात मायलेकी दोघीच होत्या. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. आईचं वय पंचेचाळीसच्या आसपास. वाटलं होतं, भेदरलेली बाई असेल. कसची भेदरते! तिने मला चहा दिला आणि पुढ्यात बसून मलाच समजावू लागली.

"साहेब, मी काही अडाणी नाई. सातवी शिकली हावो. डोळ्यानं पाह्यलं तेच सांगून राह्यली. दर गुरवारी महाराज येतेत. एक रुपया पोरीच्या मुठीत देतेत, एक आपल्या मुठीत ठेवतेत. फुंकर मारली का त्यायच्या मुठीतला जाते अन् पोरीच्या मुठीतून दोन निंगतेत. म्हंजे बिमारी उतरून राह्यली. ज्या हप्त्यात गोळी दिली, त्या हप्त्यात रुपया जागचा हालत नाई."

"गोळी दिली की नाही, हे महाराजाला कोण सांगतं?"

"मीच सांगतो ना. देवाच्या माणसासंग खोटं कायले बोलू?"

मी कपाळावर हात मारला. "आणि हा हात भाजला तो?"

"ते जुनी बिमारी बाहेर निंगून राह्यली, असं म्हणाले महाराज."

मुलगी सज्ञान होती, म्हणून तिलाही विचारलं. ती म्हणाली, "माह्याच मुठीत निंगते, साहेब. मले कळत नाई का?" तक्रार द्यायला दोघींचाही ठाम नकार.

सरकारतर्फे फिर्याद घेऊन मी गुन्हा नोंदवला आणि महाराजाला ठाण्यात बोलावलं. मोटारसायकलवर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात महागडा मोबाइल, बोलणं लोण्यासारखं. मी दोन तास विचारपूस केली. आवाज चढवून पाहिला, गोडीत घेऊन पाहिलं. त्याचं एकच पालुपद.

"साहेब, मी कोणाले गोळी बंद करा म्हटलं? रुपया जात नाई, एवढंच सांगतो. लोकं काय ते समजतेत. दक्षिणा बी मागत नाई, देतेत."

शेवटी मीच म्हटलं, करून दाखव. माझ्या टेबलावर, हातभर अंतरावर, भर दुपारी त्याने तीनदा करून दाखवलं. आठवडी बाजारातला खिसेकापू मी नुसत्या त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखत असे. पण इथे मला काही म्हणता काही दिसलं नाही. हातचलाखी आहे हे ठाऊक होतं, पण कुठे आहे ते सांगता येईना. त्यावर कडी म्हणजे, मी पाणी प्यायला बाहेर आलो तर माझा हवालदार व्हरांड्यात महाराजाला हळूच विचारत होता, "महाराज, माही बदली कवा होईन?" त्या हवालदाराला मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांच्या आतली, म्हणजे थेट अटक नाही. नोटीस देऊन आरोपीला सोडावं लागलं. दवाखान्याच्या कागदांवर एवढंच सिद्ध होत होतं की गोळ्या घरी पोचल्या होत्या. सगळं घोडं आईच्या जबाबावर अडलं होतं. आणि खटल्याचं राहू द्या, ती पोरगी रोज चूल पेटवत होती, विहिरीवर जात होती. महाराज गावात यायचा थांबला तरी आईचा गोळी न देण्याचा नेम चालूच होता आणि गोळ्या उकिरड्यावर जातच होत्या.

तेव्हा मला उमरखेडचे एक गृहस्थ आठवले. बसचे निवृत्त कंडक्टर. सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी चार माणसं पुढ्यात बसवून नाण्यांचे असे काही खेळ केले होते की जेवणं खोळंबली होती. मोठा रंगमंच नाही, पेटारे नाहीत. हातभर अंतर आणि चार नाणी. ढाणकी गावच्या बसच्या रिकाम्या फेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं सराव करून शिकलेले.

मी विचार केला की यांनी दाखवलं तर बाई म्हणेल, हा तर जादूगारच. खाकीतल्या माणसाने दाखवलं तरच तिचे डोळे उघडतील. म्हणजे मी शिकायचं. ही अक्कल सर्वस्वी माझी.

"किती दिवस हायेत तुमच्यापाशी?" कंडक्टर मास्तरांनी विचारलं.

"आठ."

ते मनापासून हसले. "आठ दिवसात नाणं नुसतं तळहातात राह्यले शिकते, साहेब."

त्यांनी मला पाच रुपयांचं जुनं जाड नाणं दिलं. अंगठ्याखालचा गादीसारखा भाग आणि करंगळीखालचा भाग, यांच्यामध्ये ते अडकवायचं आणि हात पालथा करून दिवसभर सगळी कामं करायची. "दाबू नका. दाबलं का आंगठा ताठते, अन् लोकाले आंगठाच दिसते. नाणं हाय हेच इसरून जा."

विसरून जा म्हणे! मी स्टेशन डायरी लिहायला घेतली की नाणं टेबलावर. फोन उचलला की नाणं मांडीवर. उपविभागीय अधिकारी तपासणीला आले, मी सलाम ठोकला, आणि नाणं टणकन फरशीवर पडून घरंगळत त्यांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. साहेबांनी नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय चाललंय?"

"तपास, सर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नाणं हातात राहायला लागलं तर दुसरं दुखणं सुरू झालं. समोरच्याच्या मुठीत दोन नाणी एकावर एक ठेवून ती एकच आहे असं भासवायचं. दोन्ही सरकली की खण्ण वाजणार. माझी दर वेळी वाजत. सत्तावनाव्या वर्षी माझी बोटं म्हणजे मुळ्याच झाल्या होत्या. मास्तर मात्र फोनवर शांतपणे म्हणत, "अजून शंभर खेपा करा." त्यांच्या त्या धीराचाच मला राग येई. कारण मधल्या दिवसांत मुलीला आणखी दोन झटके आले. दोन्ही वेळा डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आणि दोन्ही वेळा मी हातात नाणं धरून बसलेलो होतो. एवढी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

बाविसाव्या दिवशी जमलं. मी तडक गावात गेलो. अंगणात मायलेकी समोर बसल्या. मी एक नाणं मुलीच्या मुठीत दिलं, एक माझ्या मुठीत घेतलं. फुंकर मारली. माझी मूठ रिकामी. मुलीने मूठ उघडली, दोन! कुठे आवाज नाही, अंगठा ताठला नाही. मी विजयाने आईकडे पाहिलं.

ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पाया पडली.

"तुमच्यात बी हाय, साहेब! मले वाटलंच होतं. आता एकडाव पोरीच्या डोक्शावर हात ठेवा."

"अहो ताई, ही हातचलाखी आहे! हे पाहा, असं धरलं होतं," मी अक्षरशः ओरडलो. नाणं कुठे लपतं ते उलगडून दाखवलं, दोनदा दाखवलं. ती मान डोलावत हसत राहिली. "मोठे लोकं असंच म्हणतेत, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याबाहेर सात माणसं उभी होती. एकाचा गुडघा दुखत होता, एकीची म्हैस पान्हवत नव्हती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मी मास्तरांना फोन केला आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या दिवशी पहिल्या बसने आले.

"दाखवून कोणाचा भरम जात नाई, साहेब," ते जीपमध्ये म्हणाले. "उलट वाढते. माही बी चूक झाली, तुमाले आधीच सांगाले पाह्यजे होतं."

आम्ही पोचलो तेव्हा आई कापसाच्या वेचणीवरून नुकतीच आली होती. मास्तरांनी एकही खेळ केला नाही. अंगणातल्या ढिगातली चार बोंडं तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "माय, कापूस कसा येचतेस, दाखव बरं."

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेने तिने पाहिलं आणि वेचू लागली. अंगठा आणि दोन बोटं बोंडातून कापूस ओढत होती. आधी वेचलेला कापूस शेवटच्या दोन बोटांनी तळहातात धरून ठेवलेला. तो ना दाबला जात होता, ना पडत होता. तिचं त्याकडे लक्षही नव्हतं. मी पाहतच राहिलो. जे विसरायला मला बावीस दिवस लागले, ते ही बाई लहानपणापासून विसरून बसली होती.

मास्तरांनी तिच्या तळहातातला कापूस काढला आणि तिथे नाणं ठेवलं. "आता येच." ती वेचू लागली. नाणं जागचं हललं नाही. "हाच तो हात, माय. महाराजाचा बी हाच हाय."

तासाभरात तिला मूठ रिकामी दाखवता येऊ लागली. दोन नाणी न वाजवता ठेवायला दुसऱ्या दिवशीची दुपार लागली. मला खरं सांगायचं तर थोडा रागच आला. मग मास्तर म्हणाले, "आता पोरीच्या मुठीत दे." तिने दिलं. फुंकर मारली. मुलीने मूठ उघडली आणि खळखळून हसली. "माय! तुले कसं आलं?"

आई हसली नाही. तिने मुलीच्या तळहातावरची दोन्ही नाणी उचलून उलटसुलट करून पाहिली.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच, माय," मास्तर म्हणाले.

तिची नजर मुलीच्या भाजलेल्या हातावर गेली. मग ती मला म्हणाली, "गोळी हाय का तुमच्यापाशी?" डॉक्टरीणबाईंनी दिलेलं पाकीट जीपमध्येच होतं. मुलीने तिथेच, माझ्यासमोर, गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात आईचा जबाब घेतला. महिला अंमलदार टाइप करत होती. सगळं नीट सांगून झाल्यावर आई म्हणाली, "अजून एक लिवा. गोळ्या महाराजानं नाई फेकल्या. म्या फेकल्या."

मी म्हटलं, त्याची गरज नाही, विरुद्ध बाजूचा वकील हेच वाक्य धरून बसेल. अर्धा तास समजावलं. ती ऐकेना.

"त्याचा हात चलाख होता. उकिरड्यावर गेला तो हात माहा होता. लिवत नसान तर मी सही करत नाई."

लिहिलं. सही करून तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "साहेब, माह्यावर कोणतं कलम लागते?"

"कोणतंच नाही, ताई."

"काहून?"

मी जबाबाचा कागद फाइलला लावला. आरोपपत्र गेलं, मी निवृत्त झालो, खटला अजून चालू आहे. लागायचा तो निकाल लागेल. पण तिच्या त्या 'काहून'ने, त्या साध्या 'का'ने, मला जे शिकवलं, ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. तिची श्रद्धा कशी मोडायची याचाच विचार मी बावीस दिवस करत होतो. ती मोडल्यावर त्या बाईचं काय होईल, याचा एक मिनिटही केला नाही. महाराजाकडे शक्ती होती तोवर तिच्यावर दोष नव्हता. तो दोष मी तिच्या पदरात टाकला आणि तिला बसने घरी पाठवून दिलं. खरं सांगणं आवश्यकच होतं, आजही तेच करेन. पण त्या दिवशी तिच्याशेजारी डॉक्टरीणबाईंना बसवायला हवं होतं, एवढं साधं मला सुचलं नाही, याचा राग अजून जात नाही.

मुलगी बरी आहे. दोन वर्षांत झटका नाही. परवा तिचा फोन आला, तोही तक्रारीचा. "साहेब, गोळी घेतली का माय रोज तोंड उघडाले लावते. जीभ उचलून पाहते. दोनी मुठी बी उघडून पाहते. मी आता एकवीस वर्षांची झाली. जरा समजवा ना तिले."

मी तिच्यावरच डाफरलो. म्हटलं, "उघडून दाखवत जा, बाई. रोज दाखवत जा."