खुर्चीच्या उंचीच्या खिडक्या

सातपूरच्या त्या कारखान्याचा नकाशा करायला घेतला तेव्हा मी सगळ्यात आधी बाग काढली. मशिन कुठे, गोदाम कुठे, ते नंतर. तिथे विजेची बटणं जोडायचं काम चालतं, कामाला तीसेक बायका. दिवसभर बारीक स्क्रू आणि पितळी पट्ट्या बघून डोळे शिणतात, मान अवघडते. मान वर केली की समोर झाड दिसलं पाहिजे, एवढा एकच माझा हट्ट होता. मालक म्हणाले, "मॅडम, ती जागा पार्किंगला द्या ना." दिली नाही. भांडून सहा खिडक्या घेतल्या आणि बाहेर तगर, जास्वंद, कण्हेर लावली, त्यामागे करंज.

हे मी मिरवते, कारण मिरवण्यासारखं आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली.

माझी आईही असलंच काम करायची. सातपूरमध्येच, पत्र्याच्या शेडमध्ये, गोणपाटावर बसून, मांडीवर स्क्रू-पट्ट्यांचं ताट घेऊन. मला आईची लाज कधी वाटली नाही. तिच्या त्या जमिनीवर बसण्याची वाटायची. माझ्या हातून उभ्या राहिलेल्या इमारतीत एकही बाई खाली बसणार नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणून नकाशात टेबलं काढली, खुर्च्या काढल्या आणि खुर्चीच्या हिशोबाने खिडकीखालची भिंत तीन फूट धरली. कामाला येणाऱ्या बायकांना विचारावं, हे डोक्यातच आलं नाही. आई तर इंदिरानगरला माझ्याच घरात राहते. तिला विचारायला स्वयंपाकघरापर्यंत गेलं तरी पुरे होतं.

कारखाना सुरू होऊन आठ महिने झाले, तेव्हा एका मासिकाने फोटो मागितले. फोटोग्राफरला घेऊन मी सकाळीच गेले. झाडं छान धरली होती. आत पाऊल टाकलं तर खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात, टेबलांवर खोकी आणि बायका खाली सतरंज्यांवर, मांडीवर ताटं घेऊन.

"खुर्च्या मोडल्या का?" मी विचारलं.

"मोडायला त्यांच्यावर बसलं कोण?" त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, आणि सगळ्या फिसकन हसल्या. "पाय लोंबकळून लय सुजतात, मॅडम. आन् टेबलावरून स्क्रू पडला का पार गोदामापर्यंत हुडकत जा. मांडीतला कुठं जाईल?"

"मग इथून झाडं दिसतात?"

"झाडं नाय दिसत. आभाळ दिसतं थोडं. झाडं बघतो की जेवणाच्या सुट्टीत. ती काय पळून जायची हाय?"

मी तिच्या शेजारी टेकले. समोर तीन फूट चुन्याची भिंत. वर पांढरंफटक आभाळ. बस्स.

ती भिंत बघितल्यानंतर मी जे केलं ते लिहायला जड जातंय. फोटोग्राफर म्हणाला, ऊन चढतंय, लवकर आटपू. मी खोकी खाली ठेवायला लावली, खुर्च्या मांडल्या आणि सहाजणींना सहा खिडक्यांशी बसवलं.

"आज काय हळदीकुंकू हाय का?" एकीने विचारलं.

"बस गं गप," मावशी म्हणाली. "मॅडमचं काम हाय."

फोटो सुंदर आला. खाली छापलं, निसर्गाच्या सोबतीने काम करणाऱ्या महिला. त्या फोटोवर मला पुढची दोन कामं मिळाली.

अंक आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"या नुसत्याच बसल्यात. काम नाही करत."

"कशावरून?"

"ताटं कुठेत? आणि पाय बघ, पाहुण्यांकडे बसल्यासारखे जोडून ठेवलेत." मग अंक मिटून म्हणाली, "मला विचारायचं होतंस, बाई."

मग मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "जा आणि चूक झाली म्हण," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी गेले. 'माझी चूक झाली' हे वाक्य गाडीत घोकत गेले होते. मालकांनी चहा मागवला. "काय मॅडम, गळतंय का कुठे?"

"नाही नाही. खिडक्यांमध्ये एक सुधारणा सुचवायची होती."

सुधारणा! तोंडातून गेला तो शब्द.

"चांगल्या भिंती फोडायच्या?" ते कुरकुरले.

"फोटोत आणखी उठून दिसेल," मी म्हणाले. तेव्हा कुठे तयार झाले. खिडक्यांखालच्या भिंती फुटाभरावर आणल्या, जाळ्या बसवल्या. दोन रविवारांत काम उरकलं.

सोमवारी मी बघायला गेले. मावशीचे हात ताटात चालूच होते, नजर बाहेर. "मॅडम, त्या मधल्या जास्वंदीला मावा पडलाय. राख मारायला सांगा." बसल्या जागेवरून तिला पानावरचा मावा दिसत होता!

तेवढ्यात मालक आले आणि मोठ्याने म्हणाले, "बघा, मॅडमनी खास तुमच्यासाठी करून घेतलंय हे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाली, "लेकीवानी ध्यान ठेवलं आमचं."

बोलायची वेळ तीच होती. सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. मी हात जोडले आणि हसले.

इतके महिने त्यांनी भिंत बघितली ती माझ्यामुळे, हे तिथे अजून कुणाला ठाऊक नाही. घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती, खाली बसून.

"सांगितलंस का?"

"खिडक्या झाल्या ना आता. सगळं दिसतं त्यांना."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली.