गरे कोण काढतलो?

"फणस फोडलस, गरे कोण काढतलो?" असं म्हणून सर खडू पुन्हा मुलाच्या हातात द्यायचे. साइन थ्री एक्सचं डेरिव्हेटिव्ह कॉस थ्री एक्स लिहून पोरगं मोकळं झालेलं असायचं. बाहेरच्याचं काढलं, पण आतल्या थ्री एक्सचं काढून गुणायचं राहून गेलेलं असायचं. सर मूळचे मालवणकडचे, चूक दाखवायची वेळ आली की त्यांची भाषा गावी जायची.

विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते माझ्या मुलुंडच्या क्लासमध्ये गणित शिकवायला आले. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. उत्तर बरोबर आलं तरी "नियम कुठला लावलास?" म्हणून विचारणारे. एका गणिताला अर्धा तास गेला तरी सरांना त्याचं काही वाटायचं नाही.

गुणाकाराच्या नियमाशी एका मुलीचं हाडवैर होतं. दोन्ही फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह एकदमच काढायची आणि गुणून टाकायची. सरांनी तिला आणि तिच्या मैत्रिणीला फळ्यापुढे उभं केलं. "ही चालेल तेव्हा तू गप उभी राहा. मग तू चाल, ही गप. शेवटी दोन्हीची बेरीज." सगळा वर्ग हसला. पण ती मुलगी त्या नियमात पुन्हा कधी चुकली नाही.

पालकांना मात्र घाई होती. प्रवेश परीक्षेत चार पर्याय असतात, त्यातून उत्तर हुडकायची ट्रिक शिकवा, नियम काय चाटायचेत, असं एकाने मला तोंडावर ऐकवलं. मी सरांची बॅच एका तरुण मास्तरला दिली. पालकांना वेग हवाय, असं मी सरांना सांगितलं.

"बरोबर आहे तुमचं, माझं काम सावकाशीचं," ते म्हणाले. "फक्त मुलांना घरचा पत्ता द्या. काही अडलं तर रविवारी येऊ देत."

मी पत्ता दिला नाही. मुलं तिकडे फुकट शिकायला जातील आणि इथे बाकं रिकामी राहतील, या भीतीने. त्या मुलीने विचारलंच, "सर का येत नाहीत?"

"कंटाळले ते. स्वतःहून सोडलं," मी म्हणालो.

"सांगून तरी जायचं ना," म्हणत तिने वही मिटली. खरं सांगितलं असतं तर माझं काय बिघडणार होतं? आज त्याची लाज वाटते, पण लाज वाटून उपयोग काय?

सर वारल्याचं कळलं तेव्हा मुलांच्या सगळ्या परीक्षा होऊन दोन महिने उलटले होते. मी त्यांच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, "रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. एकही मूल आलं नाही. रागावली होती का हो मुलं यांच्यावर?"

"नाही काकू, परीक्षा होती ना त्यांची," मी म्हणालो.

"हेही तेच म्हणायचे," काकू म्हणाल्या. "परीक्षा संपली की येतील, म्हणायचे."