उजव्या कुशीवर

जानेवारी महिना, रविवार सकाळ. गोवा घटकराज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं. ठिकाण मये, एका मोठ्या घराची मागची खोली. हजर: खाटेवर त्या घरातल्या आजी, खाटेशी मी, अकरावीची विद्यार्थिनी, उंबऱ्यावर नाकाला पदर लावून आजींची सून, मागच्या दारी माझी आई, हातात पेजेचा टोप. आजींचा मुलगा, घराचा मालक, पुढे बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याला मी हजर धरत नाही.

मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते. डिचोलीच्या आमच्या शाळेत दहावीनंतर आरोग्य आणि समाजसेवा असा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. पुस्तक इंग्रजीत, बाई समजावायच्या कोकणीत आणि आम्ही वह्या लिहायचो मराठीत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी बेडपॅन आणून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन मुलींच्या वडिलांनी येऊन मुलींची नावं काढली आणि कॉमर्सला घातली.

आमच्या शेजारणीने तर बाबांना तोंडावर विचारलं, "इतक्या शिकवून चेडवाक लोकांचा हागणा-मुतणा काढूक लावतलास?"

बाबा वेंगुर्ल्याकडचे, पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. तांबड्या धुळीने माखलेले हात झटकत ते म्हणाले, "तू पडशीत तेव्हा कोण काढतलो, वयनी? माझाच चेडू येतला." शेजारीण नंतर कितीतरी दिवस आमच्या दारावरून मान वळवून जायची.

आईने एवढ्या गप्पा मारल्या नाहीत. तिने माझा पांढरा गणवेश स्वतःच्या ताब्यात घेतला. आमच्याकडे बाहेर काही वाळत घातलं की संध्याकाळपर्यंत खनिजाच्या धुळीने गुलाबी व्हायचं, म्हणून ती तो माजघरात दोरीवर टाकायची आणि पेजेच्या निवळीची खळ करायची. कुबट वास यायचा, पण गणवेश पांढरा राहायचा.

मला स्वतःला किळस यायची. आरोग्यकेंद्रात पहिला बेडपॅन धुतल्यावर मी मागच्या फणसाखाली जाऊन ओकले. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "येवंदे. हात धुतलंस की जाता." हे खरं निघालं. त्या जातीची किळस साबणाने जाते.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकीने गावातल्या एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाची महिनाभर सेवा करायची होती. बाई येऊन बघणार, मग पास करणार. आई मयेच्या त्या घराच्या कुळागरात, माडा-पोफळीच्या बागेत, मजुरीला जायची. तिने शब्द टाकला आणि ते लगेच हो म्हणाले. सुनेने मला बघून नवऱ्याला सांगितलं, "फुकटची नर्स मिळाली." मग नियम सांगितले: मागच्या दाराने यायचं, बाल्दी वेगळी, आणि पाण्याच्या कळशांना शिवायचं नाही. आमच्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं.

आजींच्या माकडहाडावर जखम होती. कितीतरी महिने उताण्या पडून झालेली, आत खोल गेलेली. ती झाकायला भरपूर पावडर थापली होती आणि पावडरीचा लगदा जखमेतच कुजला होता. मी ती धुतली. सकाळी डाव्या कुशीवर, संध्याकाळी उजव्या कुशीवर, असं वळवायला लागले. मधल्या वेळात घरच्यांनी वळवावं म्हणून सांगितलं. कोणी हात लावला नाही.

पण मला खटकत होतं दुसरंच. बेडपॅन जवळजवळ कोरडा असायचा. चादर बदलायला आजींना उचललं, तर माडाच्या वाळल्या चुडताएवढं वजन. जीभ झाडाच्या सालीसारखी.

मी सुनेला विचारलं, "आजी खातात काय?"

"दुपारी दोन कुलेर पेज. संध्याकाळी घोटभर चहा," ती म्हणाली. कुलेर म्हणजे चमचा. मग लोणच्याची कृती सांगावी तशा सुरात, "कमी घातलं की कमी होतं गे. आमच्याकडे घाण नसतेच. दिवसातून एकदा बदललं की झालं. तुमच्या पुस्तकात हे नाही?"

स्वयंपाकघरात तेव्हा सुंगटांचं हुमण, कोळंबीची आमटी, शिजत होतं. वास थेट खाटेपर्यंत येत होता. आजी डोळे मिटून, नाकाने तो वास ओढून घेत होत्या.

मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "घरच्यांच्या जेवणखाणात आपण पडायचं नाही. जखम भरलेली दाखव, चादर स्वच्छ दाखव, पास होशील. शाळेतले पंखे त्यांनीच दिलेत." आणि त्यांनी वर पंख्याकडे बघितलंसुद्धा.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ताट पुढे सरकवून म्हणाले, "ढोरांकय कोण असा करीत नाय." आई भांडी आवरून झाल्यावर म्हणाली, "उद्या आयतार. मी येतंय तुझ्यावांगडा."

म्हणून त्या रविवारी ती पेजेचा टोप घेऊन मागच्या दारी उभी होती. मी आजींना डाव्या कुशीवर वळवून पाठीशी उशी लावत होते. आई सरळ आत आली.

"अगो, कुठे निघालीस? टोप कसला?" सून म्हणाली.

"पेज. म्हातारेक."

"आमच्यात चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"तुमच्यात काय चालता ता आयकला," आई म्हणाली आणि खाटेच्या कडेवर बसली.

पहिले दोन चमचे गालातून ओघळले. मग आजी गिळायला लागल्या. त्यांनी आईचं मनगट धरलं, चमचा लांब जाऊ नये म्हणून. टोप निम्मा झाला तेव्हा त्या बोलल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचा ऐकलेला तेवढाच शब्द: "आनी." आणखी.

सुनेने हाक मारली आणि मालक आला. वर्तमानपत्राची घडी हातातच, बोट वाचत होता त्या ओळीत घातलेलं. "हे काय केलंत?" तो म्हणाला. "माझ्या आईला बाटवलीत!"

"बाटली, पण जेवली," आई म्हणाली.

"निघा. दोघी. पुन्हा इथे दिसायचं नाही."

मी म्हटलं, "संध्याकाळी त्यांना उजव्या कुशीवर वळवायला हवं, नाहीतर जखम..."

"निघा म्हटलं ना!"

आजींची बोटं आईच्या मनगटावरून सुनेने सोडवली. पदरात हात गुंडाळून सोडवली, आमचा स्पर्श होऊ नये म्हणून. ते बघताना मला जे वाटलं, ते अजून कुठल्याच साबणाने गेलेलं नाही.

आईचं कुळागरातलं काम त्याच दिवशी सुटलं. बाबांनी मला आरोग्यकेंद्रात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर एकदा त्या घरी जाऊन आले, बाल्कांवात चहा प्याले आणि आम्हाला म्हणाले, "वय झालंय त्यांचं." मी रोज मागच्या बाजूने जाऊन बघायचे. दाराला आतून कडी असायची.

शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आधी आजी गेल्या. तेराव्याला मांडव घातला, पंगतींवर पंगती उठत होत्या. त्या घरून आईला निरोप आला, भांडी घासायला ये.

निरोप आणणाऱ्याला आई म्हणाली, "सांग तेंका, माझे हात बाटलेले आसत."

मी दुसऱ्या घरी, बाबांबरोबरच्या एका ड्रायव्हरच्या वडिलांची सेवा केली आणि पास झाले. पांढरा गणवेश आईने शेवटपर्यंत पांढरा ठेवला. आता मी डिचोली आणि पेडणे तालुक्यांत आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांना शिकवते. त्यांना देते त्या तक्त्यात चादर आणि औषध खाली आहे. सगळ्यांत वर विचारलेलं आहे: काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, कोणी दिलं. एखाद्या घरात मला कौतुकाने "आमच्याकडे घाण नसतेच" असं सांगितलं, की मी आधी स्वयंपाकघरात जाते आणि मग खाटेकडे.

कामं लिहून, झाली की खोडायची माझी सवय आहे. त्या रविवारची कामं अजून पाठ आहेत. जखम धुणे, झालं. चादर, झाली. पेज, निम्मा टोप. डावी कूस, झाली. उजवी कूस, संध्याकाळी: बाकी.